राबाचा कोळसा म्हणालो होतो, तात्या

तात्या, तुमच्या दहाव्याला मी आलो नाही. ऑफिसातले सगळे आले. तुम्हाला जेमतेम चार महिने ओळखणारा नवा क्लार्कसुद्धा आला. आणि बारा वर्षं ज्याच्यासाठी तुम्ही मोजणीची साखळी ओढलीत तो मी घरात पांघरूण घेऊन पडलो होतो. बायकोला सांगितलं, ताप आहे. ताप-बिप काही नव्हता. नदीकाठी पिंड ठेवतील, कावळा शिवायला उशीर झाला की माणसं एकमेकांकडे बघायला लागतील, "काय राह्यलं असंल हो तात्याचं?" असं कुणीतरी विचारील, आणि त्या एवढ्या माणसांत ते फक्त मला माहीत असेल, याची मला भीती वाटली. पुढे कळलं की कावळा लगेच शिवला. म्हणजे तिथेही तुम्ही मला सांभाळून घेतलंत.

तुमच्याशी बोलायचं तर सुरुवातीपासून लाज वाटण्यासारखंच आहे सगळं. अठ्ठ्याण्णव साली मी बार्शीकडून इथे मुळशीत मोजणीदार म्हणून आलो, तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि तुम्ही चाळिशीच्या पुढे. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला "ए तात्या, टेबल उचल" म्हणालो. तुम्ही निमूटपणे प्लेन टेबलाची फळी एका खांद्यावर घेतलीत, तिपाई दुसऱ्या, साखळी गळ्यात, आणि चालायला लागलात. महिन्याभराने माझे वडील आले होते, त्यांनी ते ऐकलं आणि तुमच्यासमोरच मला झापलं, "बापाच्या वयाच्या माणसाला ए म्हणतोस? सरकारनं शिक्का दिला म्हणून?" तुम्ही हसत म्हणालात, "असूंद्या हो, सायेब ल्हान हायेत अजून." त्या दिवसापासून मी तुम्हाला अहो-जाहो करायला लागलो. तुम्ही मात्र मला शेवटपर्यंत "ल्हान हायेत" याच हिशेबात धरलंत.

काम मी पुस्तकातून शिकून आलो होतो. तुम्ही ते मला चिखलात शिकवलंत. आमच्या बार्शीकडे शेत म्हणजे सपाट काळी पाटी. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं. इथे ताम्हिणीच्या अंगाला एकाखाली एक भातखाचरं, प्रत्येक बांध वाकडा, निम्मे बांध खेकड्यांनी पोखरलेले. मी फळी मांडून हताश उभा राहायचो. तुम्ही तोवर गावात एक चक्कर टाकून यायचात. कुठल्या म्हातारीने कुठला दगड धुणं धुवायला नेला, कुठल्या साली कुठला बांध फुटला, कुणी कुणाच्या भातात बैल घातले, सगळं घेऊन यायचात. "हद्दीचा दगुड दिसला की लगीच खूश हूं नका सायेब. आधी इचारा ह्यो हितं कवापास्नं हाय."

मोजणीआधी दोन्ही बाजूंच्या मालकांना एका किटलीतला चहा पाजायची तुमची पद्धत होती. जोवर दोघं चहा घेत नाहीत तोवर तुम्ही साखळी सोडायचा नाहीत. मला उशीर व्हायचा, मी चिडायचो. "अहो तात्या, आपण मोजायला आलोय की सोयरीक जमवायला?" तुम्ही म्हणायचात, "च्या पिल्यावर मानूस जरा कमी वरडतंय." आणि खरंच कमी ओरडायची.

आपलं एक भांडण कायम चालू असायचं. कागद खरा की जमीन? मी म्हणायचो कागद. इंग्रजांच्या काळात कुणी साहेब आला, त्याने कोपऱ्या-कोपऱ्याला दगड पुरले, अंतरं मोजून टिपण काढलं, त्यावर आज सगळं उभं आहे. आपण बांध मोजायचे, ते कागदावर काढायचे, जुन्या टिपणाची ट्रेसिंग त्यावर ठेवायची आणि बसते का बघायचं. जिथे बसणार नाही तिथे माणसाने अतिक्रमण केलंय. संपला विषय. तुम्ही तंबाखू मळत ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "पर सायेब, कागूद जमिनीवरनं काढलाय. जमीन कागदावरनं न्हाई काढल्याली." मी म्हणायचो, तुम्हाला कळत नाही. किती सहज म्हणायचो.

आता आक्काच्या मोजणीचं. टाळून टाळून इथवर आलो.

तुमची थोरली बहीण ज्या गावात दिली, त्याच गावची बायको तुम्ही केलीत. आक्काची खाचरं वर, आणि त्याला लागून खाली गणपतची, म्हणजे तुमच्या मेव्हण्याची. गणपतला जमीन विकायची होती, पुण्याचं गिऱ्हाईक आलं होतं, तिथे रिसॉर्ट होणार होतं. त्याने हद्द कायम करायचा अर्ज टाकला. नोटिसा निघाल्या. तुम्ही आदल्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिलात. तुम्ही असे कधी उभे राहत नव्हता.

"सायेब, उद्याच्या मोजणीला मला नगा घिऊ. दोनीकडं माजंच नातं हाय."

दुसरा साखळीवाला रजेवर होता. तारीख पुढे ढकलायची तर पुन्हा नोटिसा, पुन्हा वरून विचारणा. मी मान वर न करता म्हणालो, "सरकारी कामात नातं-बितं काही नसतं तात्या. साखळी धरायचीय तुम्हाला, निकाल द्यायचा नाहीये." केवढा रुबाब! तुम्ही "बरं" म्हणालात आणि गेलात.

डिसेंबरचा महिना होता, भात काढून झालं होतं, खाचरांत नुसती धसकटं. एका बाजूला गणपत आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाचा माणूस, दुसऱ्या बाजूला आक्का एकटी, कासोटा घालून, हातात कोयता तसाच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेती तीच करत होती. तुम्ही किटली घेऊन गेलात तर आक्का म्हणाली, "च्या ऱ्हाऊदे बाबा, आधी मोज." त्या दिवशी चहा झाला नाही.

ओढ्याच्या बाजूला हद्दीचा दगड दिसला, पायवाटेपाशी, चांगला ताठ उभा. मी खूश झालो. तुम्ही तेव्हाच माझ्याजवळ येऊन हळू आवाजात सांगितलंत, "ह्यो मूळच्या जागंवर न्हाई सायेब. ओढ्याकडचं टोक एका सालात वाहून गेल्तं. दगुड ओढ्यात पडला हुता, मानसांनी उचलला आन् पुन्यांदा जाऊ नये म्हनून वर वाटंला उबा केला. कुनाचं पाप न्हाई त्यात. खरी जागा खाली हाय, बांधाच्या शेवटाला." मी विचारलं, पुरावा काय? तुम्ही म्हणालात, "हातभर खांदून बघू. जुन्या सायबांनी दगडाखाली कोळसा पुरल्याला असतोय. कोळसा कुजत न्हाई."

आणि मी काय म्हणालो? मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अहो, तुम्ही लोक दरसाल इथे राब भाजता. पालापाचोळा, शेण, फांद्या जाळता. या खाचरांत कुठंही खणा, कोळसाच लागणार!" गिऱ्हाइकाचा माणूस हसला. मला बरं वाटलं. बार्शीच्या माणसाला राब म्हणजे काय हेही तुम्हीच शिकवलं होतंत, तेच मी तुमच्या तोंडावर फेकलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "राबाचा कोळसा वरवर असतोय सायेब, भुकटी. त्यो येगळा." मी म्हणालो, "चला, साखळी धरा."

गणपतच्या खालच्या कोपऱ्यापासून वर दगडापर्यंत मोजत आलो. टिपणात होतं त्यापेक्षा सहा आणे जास्त भरलं. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, म्हणजे बारा-साडेबारा फूट जास्त. दगड तेवढाच वर सरकलाय, हे सांगायला आणखी काय हवं होतं? पण दगड खोटा मानायचा तर तुम्ही खरे ठरणार होता, आणि आत्ताच मी चार लोकांत तुमची टर उडवली होती. मी ओरडलो, "तात्या, साखळीत झोल पडतोय! नीट ताणा!"

तुम्ही पुन्हा मोजलंत. अजून डोळ्यांपुढे आहे. टाच रोवून, कंबर मागे टाकून ताणलीत, दंड थरथरत होते. पुन्हा सहा आणे जास्त. तीन साखळ्यांत सहा आण्यांचा झोल कधी पडतो का तात्या? प्रशिक्षणातलं पोरगंसुद्धा हसेल. मी मात्र "उतारावर थोडाफार फरक पडणारच" असं म्हणत ट्रेसिंग टेबलावर ठेवली आणि सरकवली. इकडे नखभर, तिकडे नखभर. आमच्या धंद्यात हे फार सोपं असतं. कागद पातळ, पेन्सिल जाड. दोन कोपरे बसले, तिसऱ्याला मी बसवलं. बांध चुकीचा आणि दगड बरोबर ठरला. ओढ्याच्या अंगाचं आक्काचं झऱ्याचं खाचर गणपतच्या हद्दीत गेलं.

ते खाचर काय होतं हे मला नंतर कळलं. बारा महिने पाणी असायचं तिथे. आंबेमोहोराचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, आक्का तिथेच टाकायची, तिथून उपटून बाकीच्या खाचरांत लावायची. ते गेल्यावर तिला पावसाची वाट बघत बसावं लागायचं, नाहीतर दुसऱ्याच्या तरव्यासाठी दारोदार फिरावं लागायचं. जबाबावर अंगठा द्यायला ती तयार झाली नाही. "मला ह्ये मान्य न्हाई," म्हणाली. मी तसं लिहून घेतलं आणि सांगितलं की मान्य नसेल तर मुदतीत अपील करा, वरचे साहेब येऊन पुन्हा मोजतील. ती माझ्याशी बोलतच नव्हती. तुमच्याकडे बघत होती. "साखळीत झोल हुता म्हनं," एवढंच म्हणाली. "बायकूच्या भावासाटी सख्ख्या भैनीला बुडीवलंस व्हय रं?"

तात्या, मी तिथेच होतो. चार हातांवर. सामान आवरत होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. "साखळी ताठ होती, आक्का." चार शब्द. मी पेन्सिली डब्यात भरत राहिलो.

गावात तेच झालं मग. कुणी म्हणालं गणपतने पाजली असेल, कुणी म्हणालं बायकोने कान भरले असतील. सगळे एका गोष्टीवर सहमत होते, की साहेब बाहेरचा, त्याला काय घेणं. झोल तात्यानेच केला, साहेब स्वतः ओरडला होता की. माझंच वाक्य गावभर फिरत होतं आणि मी जीपमधून ये-जा करत होतो.

दर दिवाळीला भाऊबीजेला जोडून दोन दिवस रजा घ्यायचात तुम्ही. कितीही निकडीची मोजणी असू दे. "माजी साखळी खुट्टीला," म्हणायचात. तिच्यासाठी लुगडं घेऊन ऑफिसात सगळ्यांना दाखवून मग जायचात. त्या सालापासून तिने बोलावणं धाडलं नाही. पुढच्या दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळी हजर. मी, निर्लज्ज, विचारलं, "का हो तात्या, यंदा रजा नाही?" तुम्ही टेबलाची फळी पुसत होता. "काय करायचीय रजा," म्हणालात. पुढच्या साली मी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. दर भाऊबीजेला तुम्ही ऑफिसात आणि मी तुमच्या नजरेला नजर न देता फायली चाळतोय, हे ठरूनच गेलं.

त्या मोजणीनंतर तिसऱ्या वर्षी तिथलाच शेजारचा एक गट मोजायला आपण गेलो होतो. रिसॉर्टवाल्यांनी झऱ्याचं पाणी साठवायला टाकी काढायला घेतली होती. जेसीबी बांधाच्या शेवटाला खणत होता. तुम्ही थांबलात म्हणून मीही थांबलो. बकेट वर आलं, माती पडली आणि त्या लाल मातीत काळे तुकडे. भुकटी नाही. बोटाएवढे, टणक, एका जागी दाटून ठेवलेले, अगदी हातभर खोल. ड्रायव्हरला त्याचं काही नव्हतं, तो पुढे खणत राहिला. तुम्ही खड्ड्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलणार. शिव्या द्याल, निदान "बगा" तरी म्हणाल. आणि मी मूर्ख, तुम्ही काही बोलायच्या आधीच बोललो, "आता कोळसा निघून काय उपयोग तात्या? अपिलाची मुदत कधीच गेली."

"अपिलाचं न्हाई म्हनत मी," तुम्ही म्हणालात. "जमीन गेली ती गेली. आक्काला फकस्त येक शबुद सांगा. साखळी ताठ हुती म्हनून. तुमच्या तोंडून."

बारा वर्षांत तुम्ही माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्यात, ही दुसरी.

माझी बढतीची फाईल तेव्हा वर गेली होती. आक्काला सांगायचं म्हणजे चूक कुणाची हे सांगायचं. ती कुठे बोलली, कुणी ऐकलं, कुणी अर्ज केला, की चौकशी. मी तुम्हाला नियम सांगितले, तात्या. मी म्हणालो, एकदा कामाची प्रत दिल्यावर मोजणीदाराने पक्षकाराशी असं खाजगीत काही बोलणं नियमात बसत नाही. काही सांगायचं तर लेखी, वरिष्ठांमार्फत. तुम्ही ऐकून घेतलंत. मग साखळी उचलून गळ्यात घातलीत आणि म्हणालात, "चला, ऊन वाडतंय."

बढती मिळाली मला. पेढे तुम्हीच वाटलेत ऑफिसात.

त्यानंतरही तुम्ही काही बदललात का? बदलला असतात तर बरं झालं असतं. माझा धाकटा आजारी होता तेव्हा तुम्ही दोन वेळा दवाखान्यात येऊन बसलात. पावसात माझी चप्पल चिखलात रुतायची तर हात देऊन बाहेर काढायचात. तुमच्या डब्यातली नाचणीची भाकरी मला आवडते म्हणून एक जास्त आणायचात. मी खायचो. सांगायला लाज वाटते, पण चवीने खायचो. कधीकधी रात्री मनात यायचं, उद्या जाऊन आक्काला सांगून टाकू. सकाळी उठलं की वाटायचं, आता एवढी वर्षं झाली, त्यांचं त्यांना सवयीचं झालं असेल. दुसऱ्याच्या दुःखाची सवय आपल्याला फार लवकर होते, त्याला लागत असतं ते लागतच असतं.

आणि मग तुम्ही गेलात. कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगतो, सांगायलाच हवं. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता ती गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो. हे मनात आलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. अशी पाळी यावी माणसावर! स्वतःचीच किळस आली.

परवा गेलो मी, तात्या. उशीर झाला हे मला सांगू नका. एस.टी.ने गेलो, जीप नको वाटली. आक्का ओसरीवर नाचणी पाखडत होती. थकली आहे. मला बघून तिने सूप खाली ठेवलं, पण या म्हणाली नाही. मी अंगणातच उभा राहिलो आणि एका दमात सांगितलं. दगड सरकलेला होता. तात्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. खणून बघू म्हणाले होते. साखळी दोन्ही वेळा ताठ होती. चूक माझी होती, पुढे कोळसाही निघाला, तोही मी बघितला आणि गप्प बसलो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला ठावं हुतं तुमी चुकला ते?"

"हो."

"आन् त्यो बोल्ला न्हाई कुनाला?"

"नाही."

 मग म्हणाली, "मी अपील न्हाई केलं. ठावं हाय कशापायी? वकील म्हनला, साखळीवाल्यानं घोळ केला आसं लिवू, चौकशी लागंल. म्हनलं, नगं. त्याची नोकरी गेली तर पोरं काय खातील त्याची? खाचार गेलं तर गेलं. भाव चोर निगाला म्हनून त्याला उपाशी मारू व्हय?"

मी तिथेच खाली बसलो, तात्या. अपील झालं असतं तर वरचे साहेब एका दिवसात ते खणून बघते. खाचर तिला परत मिळतं. तुमच्यावरचा डाग त्याच दिवशी पुसला गेला असता. तुम्ही चोर आहात असं धरून चाललेली बाई तुमची नोकरी वाचवत बसली, आणि तुम्ही माझी. मधल्या मध्ये मी पेढे खाल्ले.

"सहा दिवाळ्या," आक्का म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. "सहा दिवाळ्या मी त्याला ववाळलं न्हाई."

मला वाटलं ती आता रडेल, किंवा सूप फेकून मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली, पदर नीट केला, पायात वहाणा घातल्या. "चला," म्हणाली. मी विचारलं, कुठे? "त्याच्या घरी. मला येकटीला सांगून काय उपेग? त्याच्या बायकूफुडं सांगा, पोरांफुडं सांगा. तिच्या भावाचं नाव घिऊन मी तिला नगं नगं ते बोल्लीया."

दोन कोस चालत गेलो आम्ही. ती पुढे, मी मागे.  तुमच्या दाराशी आल्यावर मात्र ती बाहेरच थांबली, अंगणात, तुळशीच्याही अलीकडे. मला म्हणाली, "आदी तुमी जावा. तुमी सांगितल्याबिगार मी आत यायची न्हाई."

मी आत गेलो. तुमचा फोटो भिंतीला, त्याला हार. तुमची बायको, दोन्ही पोरं, सून. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल वाटलं होतं, गेलं नाही. "झोल पडतोय" असं मी ओरडलो होतो, हे सांगताना तुमचा थोरला उठून बाहेर निघून गेला. तुमच्या बायकोने मान खाली घातली आणि म्हणाली, "मला बोल्ले हुते ते. म्हनले, कुनाफुडं काडू नको, सायबांची पोरं ल्हान हायेत."



मी बाहेर आलो आणि आक्काला मानेनेच सांगितलं की झालं. ती उंबऱ्यापाशी आली. याच घरात जन्मली, इथूनच नांदायला गेली. तरी आत पाय टाकला नाही तिने. चौकटीला हात धरून उभी राहिली आणि विचारलं, "वैनी, यिऊ का आत?"

स्वतःच्या माहेरच्या दारात ती परवानगी मागत होती, तात्या, आणि ती माझ्यामुळे. तुमची बायको धावत आली, तिने तिचा हात धरून आत नेलं, आणि आतून दोघींचा एकदम हंबरडा ऐकू आला. मी अंगणात चपला घातल्या आणि निघालो. मला कोणी थांब म्हणालं नाही.